कडीभाऊ आणि वरचा

अर्धा रस्ता मागे पडला तरी भावोजींची मान काही वर झाली नव्हती. रस्त्याच्या कडेला लांबच लांब चर खणलेला, त्याच्या पलीकडे मातीचा ढिगारा, आणि अलीकडे जेमतेम एका माणसाची वाट. पुढे भावोजी, मागे मी. ते चरात बघत चालले होते आणि मी त्यांच्याकडे.

“भावोजी, समोर बघा.”

“समोर काय आहे बघण्यासारखं?”

“खांब.”

ते थांबले, खांबाला वळसा घातला आणि परत चरात बघायला लागले.

एवढ्यासाठीच मला सोबत धाडलं होतं. रस्ता खणल्यामुळे बस बंद होती. माझी धाकटी जाऊ परिचारिका आहे, तिला इस्पितळात कामावर जायचं होतं. निघताना तिने मला दारातच गाठलं. “ताई, तुम्ही जा यांच्याबरोबर. हे विचारात पडले की खड्ड्यातही पडतात.” माझी सकाळची प्रार्थना व्हायची होती. ती पोचल्यावर कुठेतरी बसून म्हणू, असं ठरवून मी चपला घातल्या.

आम्ही डेअरीत चाललो होतो. तिथले कॉम्प्युटर आणि त्यांच्या वायरी भावोजी सांभाळतात, आणि बाहेरचं कुणी त्यात शिरू नये हेही बघतात. सकाळी चहा घेताना त्यांना फोन आला, तो दूध तपासणाऱ्या लॅबच्या बाईंचा. बाईंचा आवाज असा की फोन भावोजींच्या कानाला आणि ऐकू सगळ्या घराला.

“कडीभाऊ, वरचा गेला.”

मी बशी खाली ठेवली. माझ्या लेखी वरचा एकच, आणि तो जाणाऱ्यातला नाही.

“कसा गेला?” भावोजींनी विचारलं.

“ते मला काय ठाऊक? लाल दिवा लागलाय. पंप उघडत नाही. टँकर गेटवर उभे आहेत, आणि ड्रायव्हर माझ्याकडे असे बघतायत की मीच गिळलाय त्याला.”

भावोजींनी कप तसाच ठेवला. टँकरमधलं दूध गार असतं तोवर ठीक. एकदा ते कोमट व्हायला लागलं की डेअरी ते आत घेत नाही, गटारात सोडावं लागतं. ते दूध काही डेअरीचं एकटीचं नसतं. कुणीतरी पहाटे उठून काढलेलं, सायकलवर कॅन लावून आणलेलं असतं. आणि त्या दिवशी ते वाया गेलं असतं तर बोट भावोजींकडेच वळलं असतं. कारण वरच्याला डेअरीत आणला होता तो भावोजींनीच.

आता ही दोन नावं आधी सांगायला हवीत.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा भावोजी शाळेत होते. घराच्या दाराला लोखंडी कडी होती. रात्री सगळे आडवे झाले की हा मुलगा उठायचा, कडी आत ढकलायचा, एकदा ओढून बघायचा आणि येऊन झोपायचा. थोड्या वेळाने परत तेच. नवी नवरी असल्यामुळे मला झोप लागत नसे, म्हणून हे माझ्या ध्यानात आलं. एक दिवस विचारलं, “भावोजी, चोराची भीती वाटते का?”

“नाही वहिनी. कडी लागली होती की लागल्यासारखी वाटत होती, ते बघून आलो.”

हा त्यांचा स्वभाव. घरात त्यांना तेव्हापासून कडी म्हणतात. डेअरीतल्या लोकांनी मान राखून त्याला भाऊ जोडलं.

डेअरीत जिन्याखाली एक बारकी खोली आहे. तिथे पूर्वी त्यांची पेटी असायची. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी ती बघितली. सुटकेससारखी चपटी, पुढे बारीक दिवे, मागे वायरींचं जंजाळ. ते म्हणाले, याला फायरवॉल म्हणतात, म्हणजे आगीला अडवणारी भिंत. मी म्हटलं, “भिंत कुठाय?” ते म्हणाले, “हीच.” बाहेरून जो कुणी येईल त्याला तू कोण, कुठला, कशाला आलास, हे ती पेटी विचारायची. आतल्या आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जो निरोप जायचा, त्यालाही विचारल्याशिवाय सोडायची नाही. मला ती आवडली. आमच्या सासूबाईंची आठवण झाली.

पण पेटी होती हट्टी. कधी पंखा अडकायचा, कधी ती तापायची, कधी तिला नवीन काही शिकवायला लागायचं, आणि हे सगळं नेमकं घरात काही असलं की व्हायचं. पुतणी पहिल्यांदा शाळेच्या नाटकात उभी राहिली तेव्हा ती झाड होती. झाडाला बोलायचं काही नव्हतं, हात पसरून उभं राहायचं होतं. पडदा वर गेला आणि भावोजींचा फोन थरथरला. ते वाकून निघून गेले. मुलगी आता नोकरीला लागली तरी भांडणात ऐकवते, “मी झाड होते तेव्हा बाबा पेटीजवळ होते.”

मग एक कंपनी आली. ती म्हणाली, तुमच्याकडे काही ठेवूच नका. पेटी नको, पंखा नको, जिन्याखालची खोली नको. तुमच्या डेअरीतून जे काही निघेल ते आधी आमच्याकडे येईल, आमची माणसं आणि यंत्रं ते तपासतील आणि पुढे पाठवतील. सगळं क्लाउडमधून. डेअरीच्या मालकीणबाईंनी भावोजींना विचारलं. भावोजींनी बरेच दिवस वाचलं, चार ठिकाणी चौकशी केली, आणि सांगितलं, “घ्या. मी जबाबदार.”

मालकीणबाईंनी त्यांच्या शब्दावर घेतलं.

आणि खोटं कशाला बोलू, वर्ष फार सुखाचं गेलं. भावोजी दिवसाउजेडी घरी यायला लागले. गॅलरीत पत्र्याच्या डब्यांत टोमॅटो लावले. त्या रोपांशी ते इतकं बोलायचे की जाऊ म्हणाली, “माझ्याशी लग्नाआधीसुद्धा एवढं बोलले नव्हते.” पुतणी झाड व्हायच्या वयाची राहिली नव्हती, पण तिला न्यायला-आणायला बाबा असायचे. बंद केलेली पेटी लॅबच्या बाईंनी मागून घेतली. त्यांचं स्टूल उंच होतं, पाय लोंबकळायचे, म्हणून पायाखाली.

त्या नव्या राखणदाराला डेअरीत आधी क्लाउड म्हणायचे, मग ढग म्हणायला लागले, आणि महिनाभरात तो नुसता वरचा झाला. वरच्याने अडवलं. वरच्याला विचारून सांगतो. वरच्याच्या मनात आलं तर आज पगार होतील. मी एकदा भावोजींना म्हटलं, “असं म्हणू नये हो.” ते म्हणाले, “मी कुठे म्हणतो? सगळे म्हणतात.” मग दुसऱ्या दिवशी फोनवर स्वतःच म्हणाले, “थांबा, वरच्याकडून आलं नाही अजून.”

बारीकसारीक कुरबुरी होत्या. सगळं किंचित सावकाश चालायचं. गेटवरचा वजनकाटा जुना, त्याच्यात वरच्याचा प्रोग्रॅम बसेना, तेव्हा तो बिनराखणीचाच ठेवावा लागला. एका सकाळी वरच्याने स्वतःचे नियम बदलले आणि लॅबचं मशीनच संशयित ठरवलं. भावोजींनी फोन केला तर एक गोड आवाज म्हणाला, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मग बराच वेळ गाणं लागलं. पूर्वी पेटी रुसली तर भावोजी तिच्यापुढे मांडी घालून बसायचे आणि तिची समजूत काढायचे. इथे कुणापुढे बसणार? पण ते दिवस निभावले. सुखात माणूस एवढं चालवून घेतो.

तर आम्ही चराच्या कडेने चाललो होतो. वळणावर खणायचं यंत्र उभं होतं, दात जमिनीत रुतलेले. त्याचा चालक मातीच्या ढिगावर बसून बिस्कीट खात होता. भावोजी चरात उतरले. मी वरूनच बघितलं, एक नारिंगी नळी आणि एक काळी नळी, दोन्ही तुटलेल्या, आतले धागे केसांसारखे बाहेर आलेले.

“हे तुम्ही तोडलंत?” भावोजींनी विचारलं.

“यंत्राने तोडलं,” चालक म्हणाला. “नकाशात नव्हतं. माणसं येतायत जोडायला.”

“कधी?”

“दुपारपर्यंत म्हणाले. त्यांची दुपार कधी असते ते त्यांनाच माहीत. बिस्कीट घ्या काकू.”

मी घेतलं. भावोजी वर आले आणि तिथेच मातीवर बसले. पँटला माती लागली तरी त्यांना भान नव्हतं.

“वहिनी, इंटरनेटच्या दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या होत्या मी. मुद्दाम. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.”

“मग?”

“दोन्ही एकाच चरातून गेल्यात.”

“त्यांनी सांगितलं नाही?”

“मी विचारलं नाही. कडी लागल्यासारखी वाटली.”

मी त्यांना हात देऊन उठवलं. पुढे वाटेत मला एक राहवेना. “लॅब आणि पंपाची खोली शेजारीशेजारीच आहेत ना?”

“मधे भिंत आहे फक्त.”

“मग लॅबने पंपाला ‘दूध चांगलं आहे, घे’ एवढं सांगायला बाहेरची लाइन कशाला लागते?”

“निरोप आधी वर जातो. तिथे तपासतात. मग खाली येतो.”

“म्हणजे मी स्वयंपाकघरातून धाकटीला हाक मारायची, तर ती हाक आधी परगावी जाऊन यायला हवी आणि मग धाकटीला ऐकू येणार.”

“तसंच.”

“आणि हे तुम्हाला चाललं?”

“वहिनी, इतक्या पटकन जाऊन यायची ना ती हाक, की गेली होती हेच कळायचं नाही.” मग थोडं चालून म्हणाले, “मालकीणबाईंना काय सांगू? माझ्या शब्दावर घेतलंय त्यांनी.”

“जे झालं तेच सांगा. दुसरं काय सांगणार?”

गेटवर टँकर ओळीने उभे होते. मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या होत्या. साधी सुती साडी, बाह्या वर सारलेल्या, आणि प्रत्येक टँकरच्या पत्र्याला तळहात लावून बघत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. एक ड्रायव्हर त्यांच्या मागून विचारत होता, “बाई, वरचा उठला का?”

“उठला की तुलाच पहिल्यांदा सांगते,” त्या म्हणाल्या. मग भावोजींना म्हणाल्या, “वेळ किती आहे ते मला हा पत्रा सांगतोय. तुम्ही एवढंच सांगा, होईल की नाही?”

“लाइन तुटलीय. दोन्ही. लगेच जोडून होणार नाहीत. आतून काही करता येतं का बघतो.”

पंप हाताने उघडता आला असता, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण पूर्वी नळ हाताने सोडायचे तेव्हा एकदा नासका टँकर चुकून चांगल्या दुधात गेला होता. तेव्हापासून लॅबचा निरोप पोचल्याशिवाय पंप उघडायचाच नाही, असं मालकीणबाईंनी करून घेतलंय. तो नियम त्या मोडणार नव्हत्या, आणि भावोजीही मोडा म्हणणार नव्हते.

भावोजी आत गेले. मी लॅबच्या दाराशी बाकावर बसले. तिथून सगळं दिसत होतं. दोन खोल्यांना जोडणाऱ्या यंत्रात शिरलं की निरोपांची वाट बदलता आली असती, पण त्याचा पासवर्ड पाहिजे. सगळे पासवर्ड भावोजींनी एका तिजोरीत ठेवलेले. ही तिजोरी लोखंडी नव्हे, तीही वरच. आणि ती उघडते फक्त डेअरीच्या लाइनवरून. बाहेरून कुणी उघडू नये म्हणून भावोजींनीच तसं करून ठेवलेलं.

“म्हणजे किल्ली आत राहिली,” लॅबच्या बाई म्हणाल्या.

“हो.”

“आणि कडी तुम्हीच लावलीत.”

“हो बाई, हो.”

त्यांनी मोबाइलवरून वरच्याच्या कंपनीला फोन लावला. गोड आवाज आला. तुमची ओळख पटवण्यासाठी तुमच्या कार्यालयाच्या मेलवर एक आकडा पाठवला आहे, तो सांगा. भावोजी म्हणाले, मेलही तुमच्याच वाटेने येते, ती वाटच बंद आहे. आवाज म्हणाला, समजू शकते सर, पण आकडा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तिचंही बरोबर होतं. उद्या कुणी चोर फोन करून मी कडीभाऊ बोलतोय म्हणाला तर? भावोजींनी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. मला त्यांचं कौतुक वाटलं. मी असते तर दोन शब्द बोलले असते.

मग ते लॅबच्या बाईंकडे बघत उभे राहिले. बाई स्टुलावर, पाय आरामात.

“बाई, पाय उचला.”

“का, काय आहे?”

“पेटी.”

बाईंनी खाली बघितलं. “अगंबाई,” म्हणाल्या, आणि घाईघाईने चपला काढून पाय वर घेतले, जणू इतके दिवस कुणा वडीलधाऱ्याच्या डोक्यावरच ठेवले होते.

भावोजींनी पेटी टेबलावर घेतली, पदर मागितला तर मी दिला, धूळ पुसली. लॅबची वायर एका भोकात, पंपाची दुसऱ्या भोकात. बटण दाबल्यावर तिचा पंखा असा घरघरला की बाहेरचे ड्रायव्हर आत डोकावले. दिवे लागले. आणि तिने विचारलं, पासवर्ड.

भावोजींनी तो कुठेही लिहिला नव्हता. लिहायची गरज वाटली नव्हती, कारण तो त्यांना रोज सकाळी ऐकू येत होता. ही मला तिथेच कळलेली गोष्ट. पेटी नवी होती तेव्हा ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. मी प्रार्थना म्हणत होते. त्यांनी तिचीच पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत लिहून टाकली.

त्यांनी आठवून लिहिलं. चूक.

“तीनदा चुकलं की ही रुसते,” ते म्हणाले. “मग दुपारपर्यंत तोंड उघडत नाही.” आणि माझ्याकडे वळले. “वहिनी, सकाळची प्रार्थना झाली?”

“अजून कुठे?”

“मग म्हणा. इथेच. सावकाश.”

लॅबच्या बाई, पंपावरचा माणूस, दारात दोन ड्रायव्हर, मागे मालकीणबाई. सगळ्यांसमोर काय म्हणायचं? पण प्रार्थनेला लाज कसली. मी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं,

“दयाघना, दारी राहा। आतबाहेर तूच पाहा।”

“दाराशी नाही, दारी,” भावोजी पुटपुटले. “तिथे चुकलो.” त्यांनी एकेक अक्षर बघून टाकलं.

चूक.

भावोजींच्या कपाळावर घाम आला होता. “एवढंच होतं,” ते म्हणत होते, “हेच होतं. मी रोज ऐकतो.”

मी मनातल्या मनात ओळ परत म्हणून बघितली. आणि पहिल्याच शब्दावर माझी जीभ थबकली. गेले काही महिने ती तिथे रोजच थबकते.

त्याचं असं आहे. ही प्रार्थना माझ्या आईने रचलेली. तिने ती एका कापडावर रंगीत दोऱ्याने भरली होती आणि मी अक्षरओळख झाल्या-झाल्या त्या कापडावरून वाचून पाठ केली. दोऱ्याने भरलेल्या अक्षरांत घ आणि ध सारखेच दिसत. मी वाचलं दयाधना. दया हेच ज्याचं धन, असा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला होता आणि मला तो छान वाटायचा. आई म्हणायची ती पुटपुटत, तिला कळलं नाही, मला कळलं नाही. अलीकडे धाकट्या जावेने ऐकलं आणि म्हणाली, “ताई, दयाघना असतं ते. घन म्हणजे ढग. दयेचा ढग.” मला पटलं. लहानपणापासूनची जीभ वळवायला त्रास झाला, पण वळवली.

“भावोजी,” मी म्हटलं, “पेटी घेतलीत तेव्हा मी चुकीचं म्हणत होते.”

“काय म्हणत होतात?”

“दयाधना.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे ढग नको.”

“ढग नको. धन.”

“वरच्याला वगळा म्हणतायत वहिनी,” लॅबच्या बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही, नंतर हसायला ठेवलं.

भावोजींनी परत सगळी ओळ टाकली. एका जागी आधी जी होता, तिथे डी टाकला. बाकी सगळं तेच. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांनी हात मागे घेतला, बोटाने एकेक अक्षर परत तपासलं, कडी ओढून बघावी तसं. मग दाबलं.

पेटीचे दिवे हिरवे झाले. भिंतीपलीकडे पंप खोकला आणि पाइपांतून दूध जाऊ लागलं. तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. गाय पाणी पिते तेव्हा गळ्यातून येतो तसा, पण लांबवर चाललेला. दारातला ड्रायव्हर टँकरकडे धावला. मी डोळे मिटून राहिलेली प्रार्थना पुरी केली. पहिला शब्द कोणता म्हणावा याचा जरा घोळ झाला, पण मी म्हटलं, त्याला कळतं.

सगळे टँकर रिकामे होईपर्यंत मालकीणबाई उभ्याच होत्या. एकाही टँकरचं दूध परत गेलं नाही. मग त्या लॅबमध्ये आल्या. भावोजी त्यांच्यापुढे उभे राहिले, शाळेत उभे राहावेत तसे.

“ही पेटी आजपुरतीच, आणि घरातल्या घरातच,” ते म्हणाले. “बाहेरच्यांना अडवायला ही आता म्हातारी झाली. वर्षभरात चोर नवीन काय-काय शिकले असतील, हिला ते काहीच माहीत नाही. लाइन आली की बाहेरचं परत वरच्याकडेच देतो. आणि बाई, सगळंच वरच्याकडे द्या, हे मीच म्हटलं होतं. ते चुकलं.”

“मला आठवतंय तुम्ही काय म्हणाला होतात,” मालकीणबाई म्हणाल्या. “वर्षभर त्या पंख्याची घरघर ऐकावी लागली नाही, तेही आठवतंय. आता पुढे काय करायचं ते सांगा.”

“बाहेरचं वरच्याने बघायचं. आतलं आपण, आपल्या छोट्या नव्या पेटीवर. दुसरी लाइन मागच्या रस्त्याने आणायची, आणि ती कुठून येते ते मी स्वतः चालत जाऊन बघणार. पासवर्डाचं पाकीट तुमच्या कपाटात.”

“वहिनींना घेऊन जा चालताना,” त्या म्हणाल्या. “खांब आहेत रस्त्यात.” बाकावर बसल्या-बसल्या मी लॅबच्या बाईंना खांबाचं बोलले होते, त्यांनी तेवढ्यात ते पुढे सांगून टाकलेलं दिसत होतं.

परतताना भावोजींची मान वर होती. खणणाऱ्या यंत्रापाशी जोडणारी माणसं येऊन बसली होती. चालकाने लांबूनच हात केला. भावोजी म्हणाले, “वहिनी, खरं सांगू का, मला वाईट वाटत नाहीये. वाटायला पाहिजे ना?”

“कशाला? दूध नासलं नाही, खोटं बोलला नाहीत. उपाशी मात्र आहात.”

“त्या पेटीचा पंखा ऐकून बरं वाटलं,” ते म्हणाले. “घरी कुणी आहे असं.”

संध्याकाळी जाऊ कामावरून आली आणि हे ऐकून खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसली. “आख्ख्या गल्लीला ऐकू जाते ताईंची प्रार्थना. तो कसला पासवर्ड?”

“ऐकू जाते,” भावोजी म्हणाले, “पण लक्ष देऊन ऐकतं कोण?”

मी त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला नाही.

तो शब्द मी इथे लिहिला, कारण ती पेटी आता कुठल्याच वायरीला जोडलेली नाही. ती आमच्या गॅलरीत टोमॅटोच्या डब्याखाली आहे. लॅबच्या बाईंना डेअरीने नवीन, बुटकं स्टूल दिलं. नवी पेटी जिन्याखाली आहे, अगदी बारकी. तिचा पंखा वाजत नाही. कधीमधी तिच्यासाठी भावोजींना जावं लागतं, पण ते जेवून जातात आणि अंधार पडायच्या आत येतात. डेअरीत अजूनही म्हणतात वरच्याने अडवलं, वरच्याने सोडलं. मी आता काही म्हणत नाही. मला वाटतं, घन म्हटलं काय आणि धन म्हटलं काय, दारी राहा म्हटलं की तो राहतो. बाकीचं आपण बघायचं, त्यासाठी त्याने हात दिलेत.

नवी पेटी आली त्या सकाळचं तेवढं राहिलं. भावोजी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. मी प्रार्थना म्हणत होते, दुसरी ओळ संपवून तिसरीवर आले होते. त्यांची बोटं माझ्या शब्दांमागून चालत होती. माझं म्हणून झालं तशी ती थांबली.

“वहिनी, ही ओळ तुम्ही म्हणता तशीच आहे ना?”

“मला काय ठाऊक,” मी म्हटलं. “मी त्या कापडावरूनच शिकले. आता शंका येते खरी. धाकटीला विचारते संध्याकाळी.”

भावोजींनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळून बसले. लहान होते तेव्हा काही हवं असलं की बसायचे तसे.

“तेवढं करू नका,” ते म्हणाले. “जशी म्हणता तशीच म्हणत राहा. चुकत असली तर चुकीचीच म्हणा, पण आता तिला काही विचारू नका.”